सावरपाड्याचा रिकामा रस्ता

यंदाच्या अंकाचा विषय 'गाड्या कमी, पाय जास्त' असा आहे म्हणे. चाला, सायकल मारा, बसने जा. आणि त्यावर लिहायला संपादकांनी धरलं कोणाला, तर मला! जन्मभर सरकारी जीप चालवलेल्या माणसाला! रस्सा कसा झालाय हे कोंबड्यालाच विचारण्यातला प्रकार. मी म्हटलं, "अहो, सगळे साहेब पायी चालले असते तर माझ्या घरची चूल कशी पेटली असती?" ते म्हणाले, "तेच लिहा." म्हणून लिहितोय. आवडलं नाही तर संपादकांना शिव्या द्या, मी फक्त हुकमाचा ताबेदार.

मी डहाणूच्या ब्लॉक ऑफिसात ड्रायव्हर होतो. एकोणीसशे पन्नासचं दशक संपून साठचं लागत होतं. अख्ख्या ऑफिसला एक जीप आणि त्या जीपला एक मी. लढाईत वापरून झालेली, सरकारने रंग बदलून आमच्या गळ्यात मारलेली गाडी. सकाळी हँडल मारून चालू करायची. हँडल उलटं फिरलं तर मनगट गेलंच. पावसाळ्यात टपावरच्या कापडातून पाणी साहेबाच्या डोक्यावर बरोबर मधोमध पडायचं. पण रुबाब विचारू नका. डहाणूच्या बाजारातून जीप निघाली की भाजीवाल्या टोपल्या आत ओढायच्या, आणि मी उगाचच एक हॉर्न द्यायचो.

विकासासाठी दिलेल्या त्या जीपने विकास किती केला ते सरकार जाणे. साहेबाच्या बंगल्यापासून ऑफिस इतकं जवळ, की बाईसाहेबांनी फोडणी दिली तर साहेबांना टेबलाशी ठसका लागावा. तेवढ्यासाठी जीप. मेहुण्यांना समुद्र दाखवायला जीप. पापलेट आणायला जीप. एका साहेबांच्या वेळी तर बाईसाहेबांचं मांजर दवाखान्यात नेलंय मी, मागच्या सीटवर, शिपायाच्या मांडीवर. मांजर बरं झालं, शिपायाला टाके पडले.

मग आले आठल्ये साहेब. बारीक अंगाचे, चष्मेवाले, रत्नागिरीकडचे. पहिल्याच दिवशी त्यांना कासा बाजूला पाहणीला घेऊन निघालो. गाव सुटलं. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा झाला. "गणपतराव, जरा थांबवा," म्हणाले, आणि उतरून रस्त्याच्या कडेला जे वाकले ते उठेचनात. साहेबांना गाडी लागायची! खिशात लिंबू, दुसऱ्या खिशात आलेपाक, तोंडात आवळासुपारी, पण एकाचा म्हणून गुण नाही. ज्याला सरकारने जीप दिली त्यालाच गाडी लागावी, याला म्हणतात चणे आहेत तर दात नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून सायकल घेतली. सरावली सायकलने, चिखले सायकलने. लोक म्हणू लागले, "काय साधी राहणी! सरकारी पेट्रोलला हात लावत नाही!" शाळेत त्यांचा सत्कार झाला, त्यात हेडमास्तरांनी त्यांना ऋषी म्हटलं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. ऋषींच्या पोटातलं रहस्य मला एकट्याला ठाऊक होतं, आणि त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी टाळ्या वाजवायला लागलो.

पण जीप साहेबांच्या दिमतीला, म्हणजे जिथे साहेब तिथे जीप हवीच. पुढे साहेब सायकलवर, मागे मी पहिल्या गिअरमध्ये, धूर सोडत. इंजिन तापायचं, मी तापायचो. लांब तलासरीला जायचं तर साहेब बसने खिडकीशी बसून जात आणि मी त्यांची सायकल जीपमध्ये घालून मागून जाई. बसमध्ये त्यांना कमी लागायचं. का, ते देव जाणे. ऑफिसातले हरामखोर म्हणायचे, "गणपत, बस चालवणारा बरा चालवत असेल."

अशात एका दुपारी ऑफिसात सुक्या बोंबलांचा वास शिरला आणि त्याच्यामागून रेवाबाय शिरली. चिखल्याची कोळीण, डहाणूच्या बाजारात नेहमी दिसणारी, पन्नाशीची, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस दचकावा. हातात काठी होती. कधी काठी न घेणाऱ्या बाईच्या हातात काठी बघून मलाच कसंतरी झालं.

"सायेब कोन? तू काय रे?" तिने हेडक्लार्कला विचारलं. हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून खुर्चीसकट मागे सरकला.

आठल्ये साहेब बाहेर आले. "बोला बाई."

"माझा गुडगा बघ," म्हणून तिने गुडघाच पुढे केला. नारळाएवढा सुजलेला. साहेब लाजून छताकडे पाहू लागले.

तिचं म्हणणं असं होतं. उन्हाळ्यात ती मासळी वाळवायची आणि पावसाच्या आत तलासरीच्या पलीकडे, सावरपाडा नि आसपासच्या पाड्यांवर नेऊन विकायची. विकायची म्हणजे बदल्यात भात, नागली, तूर घ्यायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की समुद्रातून काही येत नाही. तेव्हा घरात जी पेज शिजते ती त्या भाताची. तलासरीपर्यंत मिळेल त्या गाडीने जायची, पण पुढे सावरपाड्यापर्यंत जंगलातून कच्चा रस्ता, दोन-तीन कोस, डोक्यावर टोपली. यंदा गुडघ्याने हात टेकले होते.

"धनी दम्यानं बसलाय, घरात खानारी तोंडा सात," ती म्हणाली. "बोंबील घरात पडून हायेत, भात तिकडं डोंगरात हाय, आनि मदी माझा गुडगा. तू बस सोड तितं. नायतर पावसात माझी पोरा काय तुझी टेबला खातील?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली. हेडक्लार्कचीच दिली.

बस सोडणं आमच्या हातात नव्हतं. ते बसखात्याचं काम. खात्याचं पूर्ण नाव घेत नाही, माझा एक व्याही त्याच खात्यातून निवृत्त झालाय आणि दिवाळीला फराळाला येतो. तिथले मोकाशी म्हणून साहेब होते, देह भरभक्कम, पँट पट्ट्याने बांधून ठेवलेली. आठल्ये साहेबांनी पाठ धरली तेव्हा ते रस्ता बघायला तयार झाले. "रस्त्यावर माणूस असेल तर बस देतो. माणूस नसेल तर काय झाडांना तिकिटं फाडू?" असं म्हणाले. बोलणं रास्त होतं.

ठरल्या दिवशी मोकाशी साहेबांना जीपमध्ये घातलं, आठल्ये साहेब लिंबू चोखत मागे बसले, आणि तलासरीवरून सावरपाड्याला गेलो. तलासरीच्या बाजाराचा दिवस मुद्दाम धरला होता. पण जाताना रस्त्यावर चिटपाखरू नाही. येताना काळं कुत्रं नाही. साग, पळस, धूळ आणि आम्ही. पाड्यावर एक म्हातारी तेवढी खाटेवर दिसली, तीही आंधळी होती.

"आठल्ये, इथे बस कोणासाठी?" मोकाशी साहेब घाम पुसत म्हणाले. मलाही पटलं. त्या रस्त्याने मी चार वर्षं जात होतो, मला कधी माणूस दिसला नव्हता. मी मनाशी म्हणायचो, काय सुखी मुलूख आहे, कोणाला कुठे जायचंच नसतं.

रेवाबायला हे सांगितलं तर ती माझ्या अंगावरच आली. "मानूस नाय? अरे मेल्या, बाजाराच्या दिशी तितं टोपलीला टोपली लागते! डोळं फुटलं काय तुजं?"

"फुटले नाहीत," मी म्हटलं. "तूच चल जीपमधून, दाखव एक तरी माणूस."

"चल! तुज्या सायबाला पन घे."

तर पुढच्या बाजाराच्या दिवशी रेवाबाय जीपमध्ये चढली, टोपलीसकट. आठल्ये साहेब, सुके बोंबील आणि कच्चा रस्ता. मी आधीच एक बादली घेऊन ठेवली होती.

तलासरी सोडली आणि रस्ता तसाच, ओसाड. रेवाबाय डोळे फाडून बघतेय. "असां कसां? आज मेली कुटं सगली?" मी आपला मिशीत हसत गाडी हाकतोय. आणि अर्ध्या वाटेत, उन्हाच्या ऐन कडाक्यात, जीपने दोन आचके दिले आणि बंद पडली.

बाहेरच्या लोकांना सांगतो. उन्हाळ्यात इंजिनातल्या पंपाजवळ पेट्रोल तापून त्याची वाफ होते. वाफ अडकली की पेट्रोल पुढे सरकत नाही. त्याला इलाज एकच, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गप्प बसायचं. शिव्या दिल्या तरी चालतात, पण उपयोग होत नाही. मी फडकं टाकलं. साहेब बादली घेऊन झाडाखाली बसले. इंजिनाचा आवाज बंद झालेला, रानात एकदम शांत.

थोडा वेळ गेला असेल. समोरच्या पळसाच्या झुडपातून एक टोपली वर आली. टोपलीखाली एक बाई होती. मग तिच्यामागे दुसरी. मग डावीकडच्या सागामागून एक वारली म्हातारा, खांद्यावर लाकडाची मोळी. नाल्यातून तिघं. करवंदीच्या जाळीतून एक गडी, हातात कोंबडा, कोंबड्याची चोच मुठीत दाबलेली, ओरडू नये म्हणून! बघता बघता रस्ता माणसांनी भरला. सगळे खाली मान घालून बाजाराकडे चालू लागले, आमच्या जीपला वळसा घालून, रस्त्यात म्हैस बसलेली असावी तसे.

मी तोंड उघडं टाकून उभा. चार वर्षं, अहो चार वर्षं मी या माणसांमधून जीप नेत होतो!

मोळीवाल्या म्हाताऱ्याला रेवाबाय ओळखत होती. लाडक्या त्याचं नाव. तिने विचारलं, "कवापासून त्या झाडामागं होतास रे?"

"मोटार वाजली तवाच गेलो," तो म्हणाला. "मोटार आली का रानात जावा. बापानं सांगलेला हाय."

आणि बरोबरच होतं त्याचं. त्याच्या बापाच्या काळी मोटार यायची ती जमीनदाराची, वेठीला माणसं धरून न्यायला. मग आली जंगलवाल्यांची, लाकडाची मोळी दिसली की पकडायला. आता येत होती दारूबंदीवाल्यांची, आणि मोहाची बाटली कोणाच्या टोपलीत नसायची? मोटारीतून उतरून कोणी त्यांचं भलं केलं, असं त्या रस्त्यावर कधी घडलंच नव्हतं. आमच्या जीपवर 'विकास' लिहिलं होतं खरं, पण ते वाचायला थांबणार कोण?

रेवाबायने कपाळावर हात मारून घेतला आणि मग जी हसत सुटली! "अगो बाय! मी पन लपते की रं! मोटार वाजली का मी पन सगल्यांसंगती नाल्यात! माज्या ध्यानातच नाय आला!"

"तू कशाला लपतेस?" साहेबांनी विचारलं.

"गुडग्याला चोलायला औषद असतां टोपलीत," ती म्हणाली. कसलं औषध ते साहेबांनी विचारलं नाही. शहाणा माणूस.

आठल्ये साहेब बादली सोडून उठले. एवढे तरतरीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "गणपतराव," म्हणाले, "आपण रस्ता बघायला येतो आणि आपणच तो पुसून टाकतो."

पुढचं काम मोकाशी साहेबांना पुन्हा आणण्याचं, आणि तेही मोटारीशिवाय. त्यांना सायकल येत नव्हती. पायी ते टेबलापासून खिडकीपर्यंत जात, तेवढंच. शेवटी तलासरीत एक दणकट सायकल भाड्याने घेतली, मोकाशी साहेबांना कॅरिअरवर बसवलं आणि पुढे पेडल मारायला कोण? मी! सरकारी जीपचा ड्रायव्हर! मागचं टायर पार चपटं, मी उभा राहून पेडल मारतोय, मोकाशी साहेबांनी माझा सदरा दोन्ही हातांनी धरलाय आणि दर खड्ड्याला "आई गं" म्हणताहेत. पुढे आठल्ये साहेब आपल्या सायकलवर वाऱ्यासारखे, शीळ घालत. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला.

पण रस्ता! रस्त्यावर ही माणसं! कोंबड्या, मोळ्या, मडकी, पाठीवर ताप आलेलं पोर बांधून दवाखान्याला निघालेली एक बाई. मोकाशी साहेबांनी आधी माणसं मोजायला सुरुवात केली, मग मोजायचं सोडलं. त्या पोरवाल्या बाईकडे मान वळवून बघत राहिले. परतताना म्हणाले, "आठ दिवस चालवून बघतो. रिकामी धावली तर नवव्या दिवशी बंद."

बस सुरू झाली. पहिल्या दिवशी रिकामी गेली, रिकामी आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्यापैकी एकाच्याही आलं नव्हतं. अहो, बस ही पण मोटारच! आवाज तर जीपच्या दुप्पट. ती वाजली की अख्खा रस्ता झाडामागे. बस लोकांसाठी आलीय हे लोकांना सांगणार कोण? ते सापडले तर ना!

शेवटचा दिवस आला. पाऊस तोंडावर होता, सकाळपासून आभाळ भरलेलं. साहेबांनी मला चिखल्याला पाठवलं. "रेवाबाईंना घेऊन या. बस त्यांनी मागितली, आता त्याच बघतील." तिला टोपलीसकट तलासरीला आणली. ती बसच्या पायरीवर पाय ठेवते तर कंडक्टरने हात आडवा घातला. नवा पोऱ्या, कपड्यांना कडक इस्त्री. "मासे चालणार नाहीत. बाकीच्या पासिंजरांना त्रास होतो."

"कुटं हायेत पासिंजर?" रेवाबायने आत डोकावून विचारलं. आत मोकाशी साहेब आणि आठल्ये साहेब, दोघंच. पण मोकाशी साहेबांनीही मान हलवली. नियम म्हणजे नियम.

तिने बसकडे पाठ केली आणि काठी टेकत चालू लागली. मी भाड्याची सायकल घेतली, टोपली कॅरिअरला बांधली आणि तिच्यासोबत निघालो. बसला सुटायला वेळ होता. वाटेत पाड्यांकडे परतणारी माणसं भेटत होती, रेवाबाय लंगडत होती. अर्ध्या वाटेवर पोचतो न पोचतो तोच मागून बसची घरघर आली आणि क्षणात रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो.

रेवाबाय रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बसने करकचून ब्रेक मारला. मोकाशी साहेबांनी खिडकीतून डोकं काढलं. "बघा, एक माणूस नाही!"

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कमरेवर हात ठेवले, रानाकडे तोंड केलं आणि तिची रोजची हाक दिली, "सुकां घ्याऽऽ सुकां! बोंबील घ्याऽऽ बोंबील!"

ती हाक त्या पाड्यांवर लहान पोरं ओळखत होती. एक डोकं वर आलं, मग दुसरं. "भायेर या रं सगली! माजी मोटार हाय ही! कोन धरीत नाय! लाडक्या, ये बाबा!" लाडक्या आला. मोळी झाडाखाली ठेवून, बसला हात लावून बघून, चढला. त्याच्यामागे बायका, कोंबडेवाले, म्हातारे. आठल्ये साहेबांनी उठून एका बाळंतिणीला जागा दिली. बस भरली. खरोखर भरली. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

सगळ्यात शेवटी रेवाबायने टोपली उचलली आणि पायरीकडे आली. कंडक्टरने हात आडवा घातला. "सांगितलं ना, मासे नाहीत."

ती थांबली. "बरां," एवढंच म्हणाली आणि मागे झाली. कंडक्टरने घंटी मारली.

तेवढ्यात लाडक्या उठला. खाली उतरला. त्याच्यामागे ती बाळंतीण. मग एकेक करत सगळे. ना आरडाओरडा, ना भांडण. जसे आले होते तसे उतरले आणि झाडांकडे चालू लागले.

मोकाशी साहेब किंचाळले, "अरे घे! घे त्या बाईची टोपली! टपावर टाक, माझ्या मांडीवर ठेव, पण घे!"

कंडक्टरने इस्त्रीच्या कपड्यांत बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन टपावर चढवली. रेवाबाय पुढच्या सीटवर खिडकीशी बसली, दुखरा पाय लांब करून. बस पुन्हा भरली, इतकी की आठल्ये साहेबांना जागाच उरली नाही. ते उतरले आणि माझ्यासोबत चालत आले. खूश होते. पोट ठीक होतं ना!

बस चालू राहिली. रेवाबायच्या घरी त्या पावसात भात पोचला, आणि त्यातली ओंजळभर नागली तिने माझ्या बायकोला आणून दिली, "तुज्या धन्यानं बोंबील वायलं" म्हणून. ती बसमध्ये नसेल त्या दिवशी मात्र पंचाईत व्हायची, हॉर्नला कोणी बाहेर येईना. मग तोच इस्त्रीवाला कंडक्टर दारात लोंबकळून दर वळणाला ओरडायचा, "सुकं घ्याऽऽ! बोंबील घ्याऽऽ!" आणि लोक हसत हसत झाडांमागून बाहेर यायचे.

आठल्ये साहेबांची बदली झाली. पुढचे साहेब पोटाचे पक्के निघाले, म्हणजे मांजरं, मेहुणे आणि पापलेटं पुन्हा सुरू. त्या रस्त्याने मी नंतरही कैक वर्षं जीप नेली. बसमधल्या माणसांना मी ओळखत होतो, नावानिशी ओळखत होतो. पण जीप घेऊन गेलो की रस्ता रिकामा. शेवटपर्यंत रिकामा. लाडक्यालासुद्धा मी जीपमधून कधी पाहिला नाही. त्याला भेटायचं असलं की मी सुट्टी टाकायचो आणि बसने जायचो.